लोणी कढवताना या चुका टाळा: तूप कच्चं का राहतं, करपतं का, रवाळ का होत नाही

तूप बिघडलं की दोष बहुधा दुधाला किंवा लोण्याला दिला जातो. पण बराचसा बिघाड आचेवरच होतो. एकाच पातेल्यात आधी लोणी वितळतं, मग त्यातलं पाणी वाफ होऊन जातं आणि शेवटी बेरी तांबूस होते. पहिल्या दोन टप्प्यांत फक्त अवस्था बदलते. तिसऱ्यात रासायनिक बदल होतो आणि तो मागे फिरत नाही. चूक कोणत्या टप्प्यावर झाली, यावर ती सुधारेल की नाही हे ठरतं.

वितळण्याचा टप्पा सोपा. साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला लोणी पातळ होतं. इथे मोठी आच मात्र नको. वर गोळा तसाच राहतो आणि तळाशी दुधाचे कण चिकटू लागतात. पातेलं जाड बुडाचं घ्या आणि ते निम्म्यापेक्षा जास्त भरू नका.

खरा वेळ जातो तो पाणी उडण्यात. बाजारच्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं, घरच्या लोण्यात त्याहूनही जास्त असू शकतं. एक ग्रॅम पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. तेच उकळतं पाणी वाफेत बदलायला मात्र सुमारे ५४०! म्हणूनच पातेल्यातलं तापमान बराच वेळ शंभराच्या आसपास अडून बसतं. या वेळी घाईने गॅस मोठा केला की फेस उतू येतो आणि बूड लागतं. झाकणही ठेवू नका, कारण वाफ झाकणाला लागून थंड होते आणि तेच पाणी परत तुपात पडतं.

तडतड आवाज मंदावला की सावध व्हा. पाणी संपत आलेलं असतं, त्यामुळे उष्णता आता थेट तापमान वाढवू लागते आणि ते भराभर ११० ते १२० अंशांवर जातं. दुधातली साखर आणि प्रथिनं यांच्यात अभिक्रिया होऊन बेरीला रंग चढतो आणि खमंग वास सुटतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. तुपाची सगळी चव या थोड्या मिनिटांत ठरते, आणि नेमकं याच वेळी लोक फोन घ्यायला नाहीतर कपडे वाळत घालायला जातात. कृपा करून जाऊ नका. बेरी बदामी दिसताच गॅस बंद करा. जाड बुडात साठलेली उष्णता पुढचं काम करते. बेरी गडद होईपर्यंत थांबलात तर ती पातेल्यातच काळी पडेल.

तूप कच्चं राहिलं तर काळजी नको. गढूळ तूप, पांढरट बेरी आणि दोन दिवसांनी येणारा आंबूस वास म्हणजे आत पाणी उरलंय. भारतीय मानकानुसार तुपात ओलावा ०.५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. वास येण्याआधी लक्षात आलं, तर तेच तूप पुन्हा मंद आचेवर ठेवून आवाज थांबेपर्यंत कढवा. करपलेल्या तुपाला मात्र उपाय नाही. गाळल्याने काळे कण निघतात, पण कडसर चव तुपात उतरलेली असते. ताजं तूप मिसळून ती झाकायचा प्रयत्न करू नये असं मला वाटतं, त्यात चांगलं तूपही जातं.

बेरी फार होत असेल आणि सारखी तळाला लागत असेल, तर लोणी नीट धुतलेलं नाही. ताक उरलं की दुधातली साखर आणि प्रथिनंही उरतात. धुतलेलं पाणी निवळ दिसेपर्यंत लोणी गार पाण्यात धुवा. साय फार दिवस साठवून खवट झाली असेल, तर तो वास कढवूनही पूर्ण जात नाही. स्निग्धांश तुटून ब्युटिरिक आम्ल सुटलेलं असतं.

आणि हे जपाच: तापल्या तुपात पाण्याचा थेंब नको. पाण्याची वाफ होताना आकारमान हजार पटींहून अधिक वाढतं आणि तूप अंगावर उडतं. चमचा, गाळणी, बरणी सगळं कोरडं हवं. शेवटी विड्याचं पान घालायची पद्धत असेल, तर ते आधी पुसून घ्या. पानातच पाणी असल्याने ते तडतडणारच, तेव्हा जरा लांब उभे राहा. तुपाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण टाका, पाणी कधीही ओतू नका.

तूप रवाळ न होणं हा तर कढवण्याचा दोषही नसतो. ते गरम असतानाच फ्रिजमध्ये गेलं, की कण बारीक राहतात आणि तूप गुळगुळीत होतं. हळूहळू निवलं, की जास्त तापमानाला वितळणारे स्निग्ध घटक आधी गोठून मोठी कणी धरतात. हा नुसता अवस्थाबदल, म्हणून दुरुस्तही होतो: तूप पातळ होण्यापुरतंच कोमट करा, मग बरणी ओट्याच्या उबदार कोपऱ्यात न हलवता रात्रभर ठेवा.