शासकीय कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्याची तक्रार फेटाळली, तर पुढे काय करावे?

बदली, पदोन्नती किंवा कामाच्या ठिकाणच्या सोयींबाबत दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाल्याची तक्रार कार्यालयाने निकाली काढली, की अनेक कर्मचारी तेथेच थांबतात. त्यांनी थांबू नये. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 23 नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असला पाहिजे, त्याने तक्रार नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी केली पाहिजे, आणि त्याच्या कार्यवाहीने समाधान झाले नाही तर कर्मचाऱ्याला जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते.

सर्वप्रथम नकार लेखी मागावा. उत्तर मिळत नसेल, तर आपल्या अर्जावरील टिपणी आणि कार्यवाहीच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागाव्यात. प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा, कारण पुढे सारा प्रश्न तारखांवर येतो.

पुढील अर्जात झालेला त्रास पुन्हा सविस्तर सांगण्यापेक्षा नकाराच्या आदेशातील एकेका कारणाला उत्तर द्यावे. समजा, अल्पदृष्टी असलेल्या लिपिकाने स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मागितले आणि ‘तशी तरतूद नाही’ असे उत्तर आले. या अधिनियमात वाजवी सोय, म्हणजे इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून लागणारा योग्य बदल किंवा साधन, नाकारणे हाच भेदभाव मानला आहे. त्या सोयीचा बोजा अवाजवी ठरतो का, एवढाच प्रश्न उरतो, आणि केवळ तरतूद नसल्याच्या शेऱ्यातून त्याचे उत्तर मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात वाजवी सोयीचे महत्त्व स्पष्ट केले असून त्या निकालाचा उल्लेख अवश्य करावा. सेवेत असताना दिव्यांगत्व आले असेल, तर कलम 20(4) आधाराला घ्यावे: अशा कर्मचाऱ्याला सेवेतून काढता येत नाही वा पदावनत करता येत नाही, आणि योग्य पद नसल्यास त्याला अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या, पदावर ठेवावे लागते.

राज्य शासनाच्या कार्यालयाविरुद्ध पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे, तर केंद्राच्या कार्यालयाविरुद्ध दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्त कागदपत्रे आणि साक्षीदार बोलावू शकतात, परंतु त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. कार्यालयाने तीन महिन्यांत त्यावर कार्यवाही करायची असते. शिफारस मान्य नसेल, तर तसे सकारण कळवायचे असते. बदलीच्या किंवा सेवासमाप्तीच्या आदेशाला तातडीने स्थगिती हवी असेल, तर हा मार्ग पुरेसा नाही.

अशा वेळी राज्य शासकीय कर्मचाऱ्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, मूळ अर्ज दाखल करावा. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट, आहे. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नसल्याने त्यांच्यासाठी उच्च न्यायालयातील रिट याचिका हा मार्ग आहे. न्यायाधिकरणात अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. विभागीय अपिलावर सहा महिने निर्णयच झाला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजले जाते. आयुक्तांकडे प्रकरण चालू आहे म्हणून ही मुदत थांबेल, असे गृहीत धरू नये. या एका समजुतीने न्याय्य बाजूही विलंब माफीच्या अर्जात अडकते. मॅटचा निर्णय विरोधात गेल्यास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे दाद मागता येते.

वकिलाच्या खर्चासाठी थांबण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्याला पात्र असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करताना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि नकाराचा आदेश सोबत न्यावा, आणि मुदत संपण्याची तारीख अर्जात ठळकपणे लिहावी.