मूळव्याध: लाजेपोटी होणाऱ्या या चुका टाळा

दुकानात चार गिऱ्हाईकं असली की माणूस बाजूला उभा राहतो. गर्दी सरली की काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "ताई, बसायलाच येईना झालंय. एखादं मलम द्या." बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे, आणि असं कुणी ना कुणी दर आठवड्याला येतंच. बायका तर स्वतः येतच नाहीत, लेकराच्या हातात चिठ्ठी देऊन पाठवतात. म्हणून जे काउंटरवर घाईत सांगता येत नाही, ते इथं सविस्तर लिहिते.

रक्त दिसलं की मूळव्याधच, असं धरून चालणं

शौचाला बसल्यावर काच कापल्यासारखं दुखतं आणि नंतरही तासभर ठणकतं, तर ती बहुधा गुदद्वाराची चीर असते, म्हणजे फिशर. आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. शौचाच्या वेळी लालभडक रक्त पडतं किंवा कोंब बाहेर येतो. पू किंवा घाण पाणी येत असेल तर भगंदराची, म्हणजे आतून गुदद्वाराजवळच्या कातडीपर्यंत पडलेल्या नळीसारख्या वाटेची, शंका घ्यावी लागते. तिन्हींना एकच मलम लावून भागत नाही.

माझे मामा दीड वर्ष मलम लावत राहिले. मलम माझ्याच दुकानातून जात होतं. शेवटी तपासलं तर गुदाशयाचा कर्करोग निघाला. तेव्हापासून चाळिशी-पन्नाशीपुढच्या माणसाला रक्त जात असेल तर मी मलम देण्याआधी तपासायला पाठवते.

पाणी आणि इसबगोल

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात बायका मुद्दाम पाणी कमी पितात. सारखं बाहेर जायला लागू नये, हे त्यामागचं कारण. शौचाची भावना झाली तरी अंधार पडेपर्यंत दाबून धरतात. मळ आतड्यात जितका रेंगाळतो तितका वाळतो, मग कुंथावं लागतं आणि शिरा सुजतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात 'भरपूर पाणी प्या' एवढं सांगून भागत नाही, हे मला कळतं. तरी सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास आणि प्रत्येक जेवणासोबत एक ग्लास, एवढं तरी ठरवून प्याच. आणि भावना झाली की दाबू नका.

इसबगोलाची चूक तर घरोघरी दिसते. चमचाभर भुसा अर्ध्या वाटी पाण्यात कालवून गिळतात. हा भुसा पाणी शोषून फुगतो. पाणी कमी पडलं तर मळ आणखी घट्ट होतो, घशात अडकण्याचीही भीती असते. एक-दोन चमचे घ्या, भरलेल्या ग्लासात ढवळा, लगेच प्या आणि वरून आणखी एक ग्लास पाणी घ्या. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

सोनामुखीची चूर्णं मात्र महिनोन्महिने रोज घेऊ नका. पोट सैल होतं खरं, पण त्यांच्यावर विसंबून राहण्याची सवय लागते.

भाकरी बंद करू नका

'उष्ण पडते' म्हणून लोक ज्वारीची भाकरी सोडतात आणि चहा-बिस्किटावर दिवस काढतात. १०० ग्रॅम ज्वारीत जवळपास १० ग्रॅम तंतू असतात, आणि दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतात. भाकरीसोबत अंबाडीची किंवा मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि एखादा पेरू ही सगळ्यात स्वस्त औषधं. ज्यांना सवय नाही त्यांनी हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं. ठेच्यानं मूळव्याध होत नाही, पण आग वाढते. त्रास असेपर्यंत ठेचा दूर ठेवा.

संडासात मोबाइल नेऊ नका. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, नंतर परत जा. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. गुडघे वर आले की जोर कमी लावावा लागतो.

शेक, मलम आणि गोळ्या

टबात बसायचं पाणी कोमट हवं, कोपर बुडवून पाहा. कढत पाण्यानं कातडी भाजते. डेटॉल, तुरटी, मीठ काही टाकू नका. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसा आणि नंतर मऊ कापडानं टिपून घ्या, घासू नका. स्टेरॉइड असलेलं मलम आठवड्याहून जास्त लावलं तर कातडी पातळ होते. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मनानं घेतल्या तर रक्त वाढू शकतं.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि शौचही काळसर होते. गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून वेळ किंवा प्रकार बदलून घ्या. पण या गोळ्या चालू नसताना शौच डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'एका इंजेक्शनात कोंब गळून पडेल' असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. अशा जाळणाऱ्या औषधानं जखम होते आणि नंतर मार्ग अरुंद होऊन बसतो.

कधी थांबायचं नाही

अचानक निळसर, कडक, प्रचंड दुखणारी गाठ आली तर दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. त्या काळात छोटी शस्त्रक्रिया करून लवकर आराम मिळू शकतो. कोंब आत जात नसेल, ताप असेल, चक्कर येत असेल, वजन उतरत असेल, किंवा आठवडाभर घरचे उपाय करूनही रक्त थांबत नसेल, तरी जा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शल्यविभाग आहे. तपासणी काही मिनिटांची असते. बाईमाणसाला महिला डॉक्टर किंवा सोबत नर्स मागता येते, त्यात संकोच नको. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी दाखवा, आणि कुणी दिलेली चूर्णाची पुडीही विसरू नका.