आंबेमोहरचा संकर: वेळ जुळवण्यापासून वासाच्या चाचणीपर्यंत

इंद्रायणी भात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळला तयार झालं. एकाचा वास, दुसऱ्याची बुटकी, न लोळणारी काडी. असा संकर चिमटा, बारीक कात्री आणि बटरपेपरच्या पिशव्या एवढ्या साहित्यावर खाचराच्या बांधावरही करता येतो. खरी मेख आहे ती दोन वाण एकाच वेळी फुलोऱ्यात आणण्यात.

उदाहरणासाठी मादी रत्ना आणि नर आंबेमोहर धरू. रत्नाची काडी बुटकी आणि बुटकेपणाचं जनुक अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसणारं. त्यामुळे मादीवरच्या बियातून उंच रोप आलं तर संकर साधला. बुटकं आलं तर मादी स्वतःच्याच परागानं फळली. नर-मादी उलटे घेतले की ही आयती ओळख हातची जाते.

गरवे, म्हणजे उशिरा पिकणारे, गावठी वाण दिवस लहान होऊ लागले की निसवतात, म्हणजे लोंब्या बाहेर टाकतात. आठ दिवस उशिरा पेरले तरी निसवणं तेवढं पुढे सरकत नाही, म्हणून आंबेमोहरची तारीख हलवू नका, रत्नाची हलवा. दोन्ही वाणांच्या निसवण्यात जितक्या दिवसांचा फरक असेल, आंबेमोहर पेरल्यावर तितके दिवस थांबून रत्नाच्या तीन हप्त्यांतला मधला हप्ता पेरा. एक हप्ता त्याच्या १० दिवस आधी, एक १० दिवस नंतर.

मादीचा चूड (एका जागी लावलेला रोपांचा पुंजका) मुळासकट उचलून चिखलासह बादलीत लावा, म्हणजे सावलीत बसून काम करता येतं. निम्मी-अधिक बाहेर आलेली लोंबी निवडा. वेळ दुपारी ३ नंतरची. शेंड्याची फुललेली फुलं आणि तळाची कोवळी फुलं कापून मधली ३०-४० ठेवा. एकेक फूल उजेडासमोर धरा: तुसाच्या आत परागकोशांची सावली निम्म्या उंचीपर्यंत दिसली तर ते योग्य. सावली त्याहून वर गेली असेल तर फूल काढून टाका, कारण कात्री लागताच ते कोश फुटतात.

तुसाचा वरचा तिसरा भाग तिरका कापा. फार खाली कापलं तर आतलं पिसासारखं स्त्रीकेसर दुखावतं आणि दाणा धरत नाही. आता चिमट्यानं परागकोश उचला, आणि मोजा: प्रत्येक फुलात सहाच्या सहा निघाले पाहिजेत. एखादा फुटून पिवळी भुकटी दिसली तर ते फूल तोडून टाका आणि चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून पुसा. इथली हयगय पुढे सगळ्यात महाग पडते. लोंबीवर पिशवी चढवून तोंड टाचणीनं बंद करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ९ च्या सुमारास आंबेमोहरच्या, फुलं उमलायच्या बेतात असलेल्या लोंब्या कापून पाण्यात उभ्या ठेवा. परागकोश बाहेर लोंबू लागले की लगेच मादीच्या लोंबीवर हलक्या हातानं झटका. पराग जेमतेम पाच मिनिटं जिवंत राहतो. तो आणायला शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलात तर मेलेलाच आणाल. स्त्रीकेसर मात्र काही दिवस तग धरतं, तेव्हा ढगाळ हवेत फुलं उमलली नाहीत तर दुसऱ्या सकाळी पुन्हा पराग टाका. पिशवी परत लावून चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा: आधी मादी, मग नर, तारीख. शाई पावसात धुऊन जाते.

आठवड्याभरात दाणा धरलेला दिसतो, साधारण २५-३० दिवसांनी काढता येतो. कापलेल्या तुसातून तो उघडा असल्यानं बुरशी लवकर धरते, म्हणून सावलीत नीट वाळवा आणि खाचरात न टाकता ओल्या टिपकागदावर रुजवा. आलेल्या रोपांतली बुटकी उपटा.

उंच रोपांचं बी पुढच्या हंगामात लावताना एका चुडात एकच रोप हवं. वासाचं मुख्य जनुकही अप्रभावी असतं. या पिढीत बुटकं रोप चारांत एक, सुवासिकही चारांत एक, म्हणजे बुटकी आणि सुवासिक अशी रोपं सोळांत एक. हजार रोपं लावली तर साठेक मिळतील, पन्नास लावली तर तीनच, आणि तेवढ्यातून उत्पन्न, दाणा, रोगप्रतिकार काय निवडणार? निसवल्यावर बुटकी वेगळी करा आणि फक्त त्यांचीच पानं तपासा. दोन ग्रॅम पान बारीक चिरून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात (१० मिलि) १० मिनिटं झाकून ठेवा, मग झाकण उघडून हुंगा. द्रावण कातडी जाळतं, हातमोजे घाला. सलग सात-आठ नमुने झाले की नाक थकतं. थोडं थांबा, नाहीतर चांगली रोपं बाद होतील. निवडलेल्या प्रत्येक झाडाची पुढच्या वर्षी वेगळी ओळ. सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत ओळी एकसारख्या होतात.

नवा वाण हाती आला तरी मूळ आंबेमोहर सोडू नका. गावठी वाण म्हणजे अनेक किंचित वेगळ्या झाडांचा मेळ असतो, आणि पुढचा रोग आला की उत्तर त्यातल्याच एखाद्या झाडात असू शकतं. भाताचं रोप खुरटवणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूसाठी आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ६ हजारांहून अधिक नमुने तपासले; प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातल्या एका रानभाताच्या नमुन्यात. म्हणून आंबेमोहरचं बी धरताना एकाच देखण्या चुडाचं धरू नका. बांधाकडच्या ओळी सोडून शंभरावर चुडांतून एकेक लोंबी घ्या, दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवा आणि हवाबंद डब्यात ठेवा.