झाडं लावली, तरी रानमाश्या येईनात? या चुका टाळा

बालाघाटाच्या माळांवर आणि गावोगावच्या गायरानांवर झाडं लागताहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हिरवळ वाढूनही तुरीच्या फुलोऱ्यात भुंगे आणि रानमाश्या दिसत नसतील, तर आधी पायाखालची माती बघा.

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या, सातेरी आणि फुलोरीची मोहोळं आठवतात. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या, त्याच या रानमाश्या. बऱ्याच जणी जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांना ऊन लागणारी, पाणी न साचणारी, न नांगरलेली उघडी माती हवी असते. अख्ख्या गायरानावर जेसीबीने चर खोदले, की अळ्यांसकट ती बिळं उपसली जातात. मराठवाड्यात पाणी अडवायलाच हवं, त्यात वाद नाही. पण काम टप्प्याटप्प्याने करा आणि दोन चरांमधली जमीन हलवू नका. रोपांभोवती आच्छादन घाला, सगळ्या माळावर नको. बांध पेटवणं आणि बांधावर तणनाशक मारणं तर पूर्ण थांबवा. वाळलेलं खोडही लगेच सरपणाला नेऊ नका, काळा भुंगा त्यातच भोक पाडून घर करतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच जातीची लागवड. नुसतं गिरिपुष्प लावलं तर फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात आणि संपतात. पळस, कडुनिंब, करंज, बाभूळ, बोर असा क्रम लावला तर खाद्य लांबतं. तरवड मात्र विसरू नका. त्याच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग बाहेर पडतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांचंही असंच आहे. मोहोळाच्या माश्यांना ही थरथर जमत नाही.

माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे. पावसानंतर तिथे कुर्डू, टाकळा उगवतात. दाट झाडी लावली की सावलीत ते संपतात. पाळीव माश्यांच्या पेट्या ठेवणं हाही रानमाश्यांवरचा उपाय नाही, फुलं कमी असतील तर उलट खाद्यासाठी ओढाताण होते.

तूर फुलल्यावर ऊन चढलं की शेतात फिरून बघा. माश्या फक्त कडेच्या ओळींवर असतील, तर बांध काम करतोय, पण शेताचा मध्य लांब पडतोय. लहान माश्या घरापासून काहीशे मीटरच जातात. मधून एखादी पट्टी न नांगरता सोडा.