टर्नटेबल आणि स्पीकर घेताय? आधी या चुका टाळा

आजोबांच्या रेकॉर्डी माळ्यावरून खाली काढल्या, की घरात कुणीतरी हौसेने सुटकेससारखा दिसणारा प्लेअर घेऊन येतं. दिसतो झकास, पण त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (पिनेची थरथर विजेत बदलणारा भाग, त्यातला स्वस्त प्रकार) असतं आणि पिन पाच-सहा ग्रॅमचा भार टाकत खाचांमधून फिरते. चांगल्या मूव्हिंग मॅग्नेट (चुंबकावर चालणाऱ्या) कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. शिवाय त्याच डब्यात स्पीकर! हे म्हणजे पाळण्याखाली ढोल वाजवणं.

मी स्वतः सुटकेस घेतली नाही, पण चूक तीच केली. नवं टर्नटेबल आणि दोन्ही स्पीकर हॉलमधल्या शोकेसवर शेजारी-शेजारी मांडले. हळू आवाजात सगळं ठीक होतं. आवाज वाढवला, तर डग्ग्याचा घुमारा विरायलाच तयार नाही, आणि मग एकदम भोंगा. मला वाटलं, ॲम्प्लिफायर गेला. तो ठणठणीत होता. स्पीकरची थरथर लाकडातून पिनेपर्यंत जात होती, पिन तिचा पुन्हा आवाज करत होती आणि ॲम्प तो आणखी वाढवून स्पीकरला देत होता. तुमच्याकडे हेच होतंय का, ते सहज कळतं. प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती चकती) थांबवा, थांबलेल्या रेकॉर्डवर पिन ठेवा, आवाज थोडा वाढवा आणि फळीवर बोटाने टिचकी मारा. स्पीकरमधून ‘धप्प’ असं मोठ्याने आलं, की चोर सापडला. मी स्पीकर वेगळ्या स्टँडवर हलवले आणि ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा खाली रबर लावून टर्नटेबलखाली सरकवला. भोंगा बंद!

‘आवाज लांबून येतोय, खर्ज गायब आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा फोनो प्रीॲम्प, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट, नसल्याची असते. कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, तर ॲम्पच्या ऑक्सला (साध्या इनपुटला) काही शे मिलिव्होल्ट लागतात. त्यातून रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात. त्याचं प्रमाण १९५०च्या दशकात ठरलं, आणि ते उलटवून मूळ आवाज परत आणायचं काम फोनो प्रीॲम्पचं. काही टर्नटेबलांत तो आतच असतो. मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण दिसलं, तर आतला प्रीॲम्प आणि ॲम्पचा फोनो इनपुट यांतलं एकच वापरा. दोन्ही लागले, की लताबाईंचाही आवाज फाटतो.

अमेरिकेतला भाचा टर्नटेबल आणतो म्हणाला, तर आधी मोटर कुठली ते विचारा. ॲडॅप्टरवर चालणारी डीसी मोटर असेल आणि ॲडॅप्टर २३० व्होल्ट घेत असेल, तर प्रश्न नाही. सिंक्रोनस एसी मोटर मात्र विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो व्होल्टेजच उतरवतो, हर्ट्झ नाही. मग मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड २८च्या आत फिरते आणि काळी एकच्या पट्टीतलं गाणं थेट खालच्या काळी पाचात जाऊन बसतं. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळाली, तर नशीब.

माळ्यावरच्या जाड, ठिसूळ रेकॉर्डी ७८च्या असतील, तर दुकानातच वेग बघून घ्या. आजची बरीच टर्नटेबलं ३३ आणि ४५ एवढंच देतात. ७८ला पिनही वेगळी, सुमारे ७५ मायक्रॉनची लागते. एलपीची (३३च्या रेकॉर्डची) बारीक पिन त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलटं, ७८ची पिन एलपीवर चुकूनही टेकवू नका.

स्पीकर घेताना खोक्यावरचे ‘पीएमपीओ’ (क्षणभराचे, फुगवलेले) वॅट वाचूच नका, आरएमएस (सतत देता येणारे) बघा. दहा बाय बाराच्या खोलीला पाच इंची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची) जोडी पुष्कळ झाली. सेकंडहँड घेत असाल तर जाळी काढायला लावा आणि कोनभोवतीची (थरथरणाऱ्या शंकूभोवतीची) फोमची कड बोटाने अलगद दाबून बघा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती हमखास कुजते, भुगा बोटाला लागतो.

जोडणी झाल्यावर एखादी जुनी मोनो (दोन्ही स्पीकरांत एकच आवाज देणारी) रेकॉर्ड लावा. भावगीतांच्या जुन्या तबकड्या मोनोच असतात. दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. गाणारा बरोबर मधोमध, टीपॉयच्या मागे उभा असल्यासारखा वाटला पाहिजे. तो खोलीभर विखुरला आणि खर्जही पातळ झाला, तर ॲम्प बंद करून एका स्पीकरची लाल-काळी वायर तपासा. बहुतेक ती उलटी बसलेली असते.