सांगलीहून सोव्हिएत पाणबुडी पाहायला जाताना

२००२ साली आलेल्या ‘के-१९’ या चित्रपटात अणुपाणबुडीचे सोंग घेतलेली ‘के-७७’ ही प्रत्यक्षात डिझेल आणि विजेवर चालणारी, निवृत्त झालेली सोव्हिएत पाणबुडी होती. पुढे अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे तिचे संग्रहालय झाले आणि एप्रिल २००७ च्या वादळात ती धक्क्यापाशीच बुडाली. ती आता पाहता येत नाही. पण तिच्याच काळातील, सोव्हिएत बांधणीची ‘आयएनएस कुरसुरा’ विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर, वाळूत आणून ठेवलेली आहे. १९६९ मध्ये नौदलात आलेली ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून ती लोकांना आतून पाहता येते.

मिरजेहून पुणे किंवा सोलापूर गाठून कोणार्क एक्स्प्रेस धरावी. ती थेट विशाखापट्टणमला जाते. संग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून रविवारी रात्री पोहोचण्याचा बेत आखू नये. पाठीवरची मोठी पिशवी मुक्कामावरच ठेवावी.

पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब असली तरी आत चालायला एकच अरुंद वाट आहे. दोन कप्प्यांमधील गोल दारातून जाताना आधी एक पाय पलीकडे टाकावा, मग डोके वाकवून खांदे न्यावेत आणि शेवटी दुसरा पाय उचलावा. घाई करणाऱ्याच्या कपाळावर टेंगूळ ठरलेले. चित्रीकरणाच्या सेटवर भिंत बाजूला करून कॅमेरा मागे नेता येतो, येथे मात्र छायाचित्रासाठी दोन पावलेही मागे सरकता येत नाही.

पुढच्या कप्प्यात पाणतीर सोडण्याच्या सहा नळ्या आहेत, मागच्या टोकाला चार. नियंत्रण कक्षात बहुतेक जण पेरिस्कोपपाशी रेंगाळतात. माझ्या मते खरा वेळ इंजिनांच्या कप्प्याला द्यावा. डिझेल इंजिनांना हवा लागते, त्यामुळे ती पृष्ठभागावर किंवा हवेची नळी पाण्याबाहेर काढून चालवावी लागत आणि त्याच वेळी बॅटऱ्या भरून घ्याव्या लागत. खोल पाण्यात सारी भिस्त त्या बॅटऱ्यांवर आणि विजेच्या मोटारींवर असे. किर्लोस्करवाडीच्या पंपांशी आयुष्य घालवलेल्या माणसाला येथील झडपा आणि नळ सोडवणार नाहीत.

माहिती सांगणारे बहुधा निवृत्त नौसैनिक असतात. त्यांना चित्रपटांविषयी न विचारता, हवा मोजकी असताना आत स्वयंपाक कसा होत असे, हे विचारावे.