इजिप्शियन शिलालेखातील ‘नेफेर’ कसा वाचावा

चित्रलिपीत हृदय व त्याला जोडलेली श्वासनलिका असे उभे चिन्ह दिसले, की तेथे ‘नेफेर’, म्हणजे ‘सुंदर’ हा शब्द, आहे असे समजावे. हे एकच चिन्ह न, फ आणि र ही तिन्ही व्यंजने दाखवते. त्यापुढे बहुधा शिंगे असलेला साप (फ) आणि तोंड (र) काढलेले असते. ती केवळ उच्चाराची आठवण असल्याने पुन्हा वाचू नयेत. स्वर लिपीत नाहीतच, त्यामुळे ‘ए’ ही अभ्यासकांनी उच्चारासाठी घातलेली सोय आहे. कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात, तोच शब्द ‘नूफे’ असा उरला आहे.

अर्थ ‘सुंदर’ एवढाच धरू नये. चांगला, उत्तम, सुखद या छटाही त्यात आहेत, आणि कोणती घ्यायची हे शेजारचे नाम ठरवते.

खरी काळजी शब्दक्रमाची घ्यावी लागते, कारण तेथे मराठीची सवय उलटी पडते. मध्य इजिप्शियनमध्ये, म्हणजे या भाषेच्या अभिजात मानल्या जाणाऱ्या टप्प्यात, विशेषण नामानंतर येते आणि त्याच्या लिंगाप्रमाणे बदलते: ‘हेमेत नेफेरेत’ म्हणजे सुंदर स्त्री, यातला शेवटचा ‘त’ स्त्रीलिंगाचा. मात्र ‘नेफेर हेमेत’ असे आले, तर ते पूर्ण वाक्य होते: स्त्री सुंदर आहे. येथे विशेषण आधी येते आणि, आपण ‘चांगली आहे’, ‘चांगले आहेत’ म्हणतो तसे न बदलता, कर्ता स्त्रीलिंगी असो वा अनेकवचनी, ‘नेफेर’च राहते. म्हणून आधी क्रम पाहावा, मग ‘त’ शोधावा. नामाच्या जागी सर्वनाम असल्यास तेही मागेच येते: ‘नेफेर सी’, ती सुंदर आहे. ‘मी’साठी ही रचना सहसा वापरत नाहीत, तेथे स्वतंत्र सर्वनाम पुढे ठेवून ‘इनेक नेफेर’ म्हणतात. ‘किती सुंदर!’ असा उद्गार हवा असेल, तर ‘नेफेरवी’.

नेफेरतीती या राणीच्या नावात हेच विशेषण नाम बनले आहे: ‘सुंदर स्त्री आली आहे’. तेथे पहिला ‘त’ स्त्रीलिंगाचा, तर अखेरचा ‘ती’ हा क्रियापदाचा प्रत्यय आहे. दोन्ही एकच समजण्याची चूक नवशिक्यांकडून हमखास होते.

जुन्या राज्याच्या, म्हणजे मध्य इजिप्शियनच्या आधीच्या, काळातील मजकुरात ‘नेफेर’नंतर ‘न’ आल्यास सौंदर्य विसरावे, कारण ती जोडी नकार दर्शवते.